औषधाचा वास

"वळखलं का ताई मला?"

जाळीपलीकडून बाईचा आवाज आला तशी सुमनताईंनी मान वर केली. दुपारची वेळ होती. काउंटरपुढे चार-पाच जण होते, ते आपसूक बाजूला सरकले होते. वाइन शॉपच्या जाळीपुढे एखादी बाई येऊन उभी राहिली की पुरुष असेच सरकतात. आता कोणाच्या तरी घरचं भांडण चव्हाट्यावर येणार, ते आपल्या घरचं नसलं म्हणजे झालं, एवढंच ज्याच्या त्याच्या मनात असतं.

सुमनताईंनी ओळखलं. सात-आठ वर्षांपूर्वी याच बाईनं पायातली चप्पल काढून याच जाळीवर हाणली होती. भर रस्त्यात तळतळाट दिला होता. छबूबाई. चिंचवड गावठाणातल्या सोपानरावांची बायको. काउंटरवर काम करणाऱ्या गणराजलाही ती आठवली असावी. तो हातातला खोका खाली ठेवून सावधपणे उभा राहिला.

पण छबूबाईंच्या हातात चप्पल नव्हती. त्यांनी जाळीच्या खालच्या फटीतून एक कापडी पिशवी आत सरकवली.

"इंद्रायणी हाय. माह्यारचा. नुकताच सडून आणलाय. तुमच्यासाठी."

"अहो, हे कशाला?"

"घ्या ताई. न्हाई म्हनू नगा." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "लई वंगाळ बोलले व्हते तुमाला. तवापासून त्या बाजूनं जायाची बी लाज वाटायची. आता तुमच्यामुळंच घर लागलं रांगंला, तर म्हटलं, जाऊन पाया तरी पडावं."

"माझ्यामुळं?"

"तुमीच न्हाई का त्यास्नी सांगितलं? 'सोपानराव, आजपासून तुमाला या दुकानात मिळणार न्हाई' म्हणून? खोदून इचारलं तवा सांगितलं त्यांनी. चार म्हैनं झालं ताई, थेंबाला शिवलं न्हाईत. कंपनीच्या डाक्तरनं औषध दिलंय सोडायचं. मी रोज सकाळी आठवणीनं पैसं देती औषधाला."

सुमनताईंना क्षणभर बरं वाटलं. आपण कधी उच्चारलेसुद्धा नाहीत असे चांगले शब्द कोणीतरी आपल्या नावावर जमा केले होते. पण सोपानराव तर कालही जाळीपुढे येऊन गेले होते.

"कसलं औषध?" त्यांनी विचारलं.

"नाव काय म्हाईत न्हाई बया. पर वास लई झ्याक येतोय तोंडाला. हिरव्या सफरचंदाचा." छबूबाई हसल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडाला चांगला वास येण्याचं अप्रूप त्या हसण्यात होतं. "झोप तेवढी लई येती त्यानं. पर आता काय बी आडत न्हाई. पिंकीला, नातीला वो, साळंतनं आणाया आता त्यास्नीच धाडती. गाडीवरनं. आधी कधी धाडलं न्हवतं. जिवाची शाश्वतीच न्हवती ना."

त्यांनी जाळीतूनच हात जोडले आणि त्या निघून गेल्या. बाजूला सरकलेले पुरुष पुन्हा पुढे आले. सुमनताईंनी तांदळाची पिशवी खुर्चीखाली ठेवली, आणि त्यांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथं खालच्या रांगेत, कोपऱ्यात, हिरव्या लेबलच्या क्वार्टर बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

ती व्हिस्की दुकानात आली त्याला सहा वर्षं झाली असतील. कंपनीचा सेल्समन नमुना घेऊन आला होता. हिरव्या सफरचंदाच्या चवीची. सुमनताई त्याला म्हणाल्या होत्या, "अहो, संत्रा तर देशीच्या दुकानात आमच्या लहानपणापासून मिळतेय. आता इंग्रजीलाही फळाचं सोंग कशाला?" गणराज तर म्हणायचा, ज्याला सरबत प्यायचंय तो रसवंतीत जाईल. सेल्समन दर महिन्याला यायचा, नवी पिढी, नवी टेस्ट असं काहीबाही सांगायचा. सुमनताई त्याच्या समाधानासाठी एखादा खोका ठेवून घ्यायच्या आणि त्याच्यावर धूळ बसायची. त्यांच्या लेकीकडे, सईकडे, पिंपळे सौदागरला, जावयानं एकदा तसलीच बाटली फोडली होती. "आई, घेऊन तर बघा, हिला वासच येत नाही," असं सई म्हणाली, तेव्हा त्यांनी हसून पेला बाजूला सारला होता. त्यांना त्यातलं काहीच पटत नव्हतं. कडू ते कडू. त्याला साखर लावून कोणाला फसवायचं?

तसं पाहिलं तर त्यांनी कोणतीच दारू कधी चाखलेली नव्हती. प्रभाकरनं, त्यांच्या नवऱ्यानं, कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आणि मिळालेला पैसा या दुकानात घातला. तोही कधी घेत नसे. "विक्री आपली, व्यसन त्यांचं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो अचानक गेला तेव्हा सई शाळेत होती, आणि जाळीमागची खुर्ची रिकामी ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. सुमनताई त्या खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. नवऱ्याची खुर्ची घेतली तसं त्याचं वाक्यही घेतलं. वीस वर्षं ते वाक्य त्यांना पुरलं. घरी गेल्यावर आधी अंघोळ, मग देवापुढे दिवा, मग स्वयंपाक, असा त्यांचा नेम होता. सई शाळेत 'आईचं दुकान आहे' एवढंच सांगायची. कसलं, ते कोणी विचारलं की विषय बदलायची.

सोपानराव त्यांचं जुनं गिऱ्हाईक. चाकणला एका कारखान्यात हॅमर, तापलेलं लोखंड ठोकायचं यंत्र, चालवायचे. पहिली पाळी सुटली की चारच्या सुमाराला कंपनीची बस दुकानासमोरच्या कोपऱ्यावर थांबायची. सोपानराव उतरायचे, रस्ता ओलांडायचे, पैसे पुढे करायचे. कधी उधारी नाही, कधी आवाज नाही. क्वार्टर शर्टाच्या आत सारून विजेच्या डीपीच्या मागे जायचे. पावसाळ्यात कधीतरी त्यांनी नेहमीची सोडून हिरवी मागितली. सुमनताईंना गंमत वाटली होती. "काय सोपानराव, म्हातारपणी गोड खायला लागलात?" असं त्यांनी विचारलंही होतं. सोपानराव नुसते हसले होते.

आता त्या हसण्याचा अर्थ लागला.

चार वाजता बस आली. सोपानराव उतरले, रस्ता ओलांडून आले, पैसे पुढे केले. सुमनताईंनी मनाशी ठरवलं होतं की आज बोलायचं. पण मागे दोघं-तिघं उभे होते, आणि त्यांचा हात सवयीनं फळीकडे गेला, बाटली घेऊन जाळीपर्यंत आला. सोपानरावांनी ती घेतली आणि ते गेले. आपल्या हाताकडे बघत त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळच्या गर्दीआधी थोडी उसंत असते. त्या वेळी त्या मागच्या गोदामात गेल्या. रचलेल्या खोक्यांच्या मधे एक स्टूल होतं, चहाचा स्टीलचा पेला होता. त्यांनी हिरव्या क्वार्टरचं झाकण पिळलं. झाकण कर्रकन सुटलं. हा आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता, पण स्वतःच्या बोटांखाली कधी नाही.

वास आधी आला. शाळेपुढच्या दुकानात बरणीत मिळणाऱ्या गोळ्यांचा वास. त्यांनी पेल्यात थोडी ओतली, पाणी घातलं, आणि डोळे मिटून घोट घेतला.

गोड होती. गोड आणि किंचित आंबट. सुमनताई कडू चवीची वाट बघत राहिल्या. औषध घेताना लहान मूल जसं अंग आवळून बसतं, तशा बसून राहिल्या. ती चव आलीच नाही. मग छातीत सावकाश ऊब उतरली, एखाद्यानं गार हातांवर शाल टाकावी तशी. एवढंच? यासाठी बायका चपला हातात घेऊन इथवर येतात?

इतकी वर्षं त्या एका गोष्टीवर स्वतःची समजूत घालत आल्या होत्या. दारू कडू असते. प्रत्येक घोटाला माणसाचं तोंड वाकडं होतं. म्हणजे आत कुठेतरी अजून कोणीतरी 'नको' म्हणत असतं, आणि तरीही पिणारा ते आपल्या जबाबदारीवर पितो. विक्री आपली, व्यसन त्यांचं. पण या पेल्यात 'नको' म्हणणारं कोणीच नव्हतं. हे लहान पोराच्या हातात दिलं तर तेही सगळं संपवून पेला पुढे करील.

त्यांनी पेल्यात पाहिलं. तो रिकामा होता. दुसरा, तिसरा घोट आपण कधी घेतला हे त्यांना आठवेना. त्या दचकून उठल्या. नळाखाली पेला धुतला, दोनदा चूळ भरली, आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या. कान गरम झाले होते.

गणराज शेजारून बाटल्या घ्यायला वाकला, आणि हसून म्हणाला, "च्युइंगगम खाल्लं का ताई? द्या की मला पण एक."

अठरा वर्षं दारूच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला ओळखू आलं नव्हतं. मग छबूबाईंना कसं येणार?

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच त्यांनी गणराजला काउंटरवर बसवलं आणि स्वतः दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. सोपानराव बसमधून उतरून आले. जाळी मधे नसलेली पाहून ते जरा बावरले. सुमनताईंनी त्यांना बाजूला, बंद झेरॉक्सच्या दुकानापुढे नेलं.

"काल वहिनी आल्या होत्या."

सोपानरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते खाली बघत राहिले.

"तांदूळ घेऊन आल्या होत्या. माझे आभार मानायला. मी तुम्हाला द्यायचं बंद केलं म्हणून."

"मग?" ते म्हणाले. "सांगितलं तुमी तिला?"

"नाही. पण हे बरं नाही सोपानराव. ती माउली औषध म्हणून पैसे देते तुम्हाला."

"ताई, मी खरंच सोडली व्हती." त्यांनी हात पुढे केला. काळा, रुंद, चटक्यांचे डाग पडलेला हात. "तीन दिस. हात असा थरथराया लागला की हॅमरवर उभं ऱ्हायाचं भ्या वाटाया लागलं. सुपरवायझर म्हनला, घरी जा. घरी जाऊन काय सांगू? इतक्यात एका पोरानं ही हिरवी पाजली बसमधी. घरी गेलो तर ही म्हनली, आज तोंडाला वास कसला येतोय? तोंडातनं निघून गेलं, औषधाचा. एवढंच झालं. फुडचं समदं तिनंच इचारून इचारून जोडलं."

"आणि तुम्ही जोडू दिलं."

"दिलं." त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाज स्थिर होता. "चार म्हैनं झालं ताई, घरात भांडान न्हाई. ती गरम भाकरी वाढती. जेवताना समोर बसती. पोरगा बोलाया लागलाय. नात मांडीवर येती, आधी पळून जायाची. आता तुमीच सांगा, मी खरी सोडली असती तर याच्यापरीस येगळं काय झालं असतं?"

रस्त्यावरून एक लांबलचक ट्रेलर गाड्यांच्या सांगाड्यांनी भरून धडधडत गेला.

"पिंकीला गाडीवरून आणता म्हणे," तो गेल्यावर त्या म्हणाल्या.

"पडलो न्हाई अजून कधी."

"आणि पडलात तर? सोपानराव, काल मी ती घेऊन पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा. किती घेतली हेच कळत नाही माणसाला. मला कळलं नाही, तुम्हाला काय कळणार?"

सोपानराव त्यांच्याकडे बघतच राहिले. ताईंनी घेतली, हे त्यांना झेपत नव्हतं. सुमनताईंनाही बोलून गेल्यावर ओशाळल्यासारखं झालं.

"आजपासून माझ्याकडून मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "आता खरंच सांगतेय."

"फुडच्या चौकात मिळंल."

"मिळेल. पण वहिनींना तुम्ही सांगा. आज सांगा, उद्या सांगा. नाहीतर मी सांगेन. आणि तोवर पोरीला चालत आणा, एवढं तरी करा."

सोपानरावांनी हात जोडले. "नगा ओ ताई. एवढं नगा करू. ती मोडंल." मग काही न घेता ते वळले आणि गावठाणाच्या दिशेनं चालू लागले. डीपीपाशी थबकले, पुन्हा चालू लागले.

त्यानंतर ते दुकानाकडे फिरकले नाहीत. बसमधून उतरायचे आणि जाळीकडे न बघता सरळ पुढच्या चौकाकडे जायचे. सुमनताईंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी चारची बस येऊन बराच वेळ झाल्यावर त्यांनी फळीवरची एक हिरवी क्वार्टर उचलली, पिशवीत घातली आणि गणराजला "आले मी" म्हणून त्या निघाल्या. प्रभाकर असता तर म्हणाला असता, दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या दारात जाऊ नये. त्यांनाही तसंच वाटत होतं. पाय मात्र थांबत नव्हते.

छबूबाईंचं घर मारुतीच्या देवळामागच्या बोळात होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. छबूबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. सुमनताईंना पाहून त्या लगबगीनं उठल्या, पदरानं खुर्ची पुसली.

"या ताई, या! आमच्या घरी? बसा, च्या टाकती. आत्ताच गेलं बगा हे, पिंकीला आणाया."

म्हणजे सांगितलं नव्हतं. सुमनताई बसल्या नाहीत. बसलं, चहा घेतला, की आपल्या तोंडून काही निघणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, लेबलवर हात धरून झाकण उघडलं आणि पुढे केली.

"वहिनी, जरा वास घ्या."

छबूबाईंनी वाकून वास घेतला. त्यांचा चेहरा उजळला.

"ह्योच की! त्यांच्या औषधाचा. तुमच्याकडं बी मिळतंय व्हय हे?"

"वहिनी," सुमनताई म्हणाल्या, "माझ्याकडं दुसरं काय मिळतं?"

छबूबाईंच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. पाहुणा उठून गेल्यावरही दार उघडंच राहावं, तसं. मग ते हळूहळू गेलं. त्यांनी बाटली स्वतःच्या हातात घेतली, पुन्हा एकदा नाकाशी नेली, लेबलवर बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बाटलीचा आकार ओळखायला वाचावं लागत नाही. असल्या किती बाटल्या त्यांनी माळ्यावरून, पाण्याच्या टाकीमागून, धान्याच्या डब्यातून काढल्या होत्या.

सुमनताई शिव्यांची वाट बघत होत्या. खरं तर त्यांना त्या हव्याच होत्या. पण छबूबाईंच्या तोंडून एकच शब्द आला.

"पिंकी."

आणि त्या तशाच, अनवाणी, हातात बाटली घेऊन बोळातून पळत सुटल्या. सुमनताई मागोमाग निघाल्या. देवळापुढून, पिठाच्या गिरणीवरून, रिक्षांच्या रांगेतून वाट काढत दोघी शाळेच्या रस्त्याला लागल्या. शाळा सुटली होती. पिवळे शर्ट घातलेली पोरं रस्ताभर सांडली होती. छबूबाई प्रत्येक स्कूटरकडे मान वळवून बघत होत्या.

वळणावर त्या थांबल्या.

समोरून सोपानराव येत होते. स्कूटर बंद होती. ती दोन्ही हातांनी धरून ते रस्त्याच्या अगदी कडेनं ढकलत आणत होते. पिंकी सीटवर बसून हॉर्न वाजवत होती आणि मधूनच "चला घोडं, चला!" म्हणून ओरडत होती. सोपानराव घामानं भिजले होते. पावलं नीट पडत नव्हती. दर चार पावलांनी ते थांबायचे, गाडी अंगावर पेलून धरायचे, तोल सावरायचे आणि पुन्हा ढकलायचे. पोटात होती, हे लांबूनही दिसत होतं. पण गाडी एका बाजूला झुकली नाही.

त्यांनी आधी बायकोला पाहिलं, मग तिच्यामागे सुमनताईंना, आणि मग छबूबाईंच्या हातातल्या बाटलीला. ते उभे राहिले. गाडी स्टँडवर लावायला गेले तर पाय दोनदा निसटला. छबूबाई पुढे झाल्या. त्यांनी बाटली रस्त्याकडेच्या गटारात उपडी केली, रिकामी तिथंच ठेवली आणि गाडीचं हँडल धरलं. सोपानराव कोणाच्या तरी घराच्या पायरीवर मटकन बसले.

"आज्जी, आजोबा मला रोज घोड्यावर आणतात," पिंकी म्हणाली. "परवापासनं. गाडी बिघडलीय ना."

गाडी बिघडल्याचं घरात कोणी बोललं नव्हतं. छबूबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग होता की आणखी काही, हे सुमनताईंना सांगता आलं नसतं. शेवटी त्या म्हणाल्या, "उठा. पोरीला भूक लागली आसंल."

ते उठले. छबूबाईंनी गाडी धरली, त्यांनी मागून हात लावला. सुमनताईंकडे कोणीच पाहिलं नाही. तिघं गर्दीत दिसेनासे झाल्यावर त्या दुकानाकडे परतल्या. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. लोक जे मागत होते, ते त्या काढून देत होत्या.

पुढच्या महिन्यात सेल्समन आला तेव्हा त्यांनी हिरव्या क्वार्टरची ऑर्डर दिली नाही. "का हो ताई? आता तर खपायला लागली होती," असं तो म्हणाला. सुमनताईंनी "नको" एवढंच उत्तर दिलं. एक बाटली फळीवरून काढल्यानं काय होतं, हे त्यांनाही कळत होतं. बाकीच्या फळ्या भरलेल्याच होत्या.

मात्र दिवाळीनंतर एक नवीन गोष्ट त्यांना रोज जाळीतून दिसू लागली. चारची बस यायच्या आधी छबूबाई समोरच्या कोपऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या. ऊन असो, वारा असो, डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. दुकानाकडे त्या कधी बघत नसत. बस थांबली की सोपानराव उतरायचे. कधी त्यांचा चेहरा बरा दिसायचा, कधी ओढलेला, कधी हात इतके कापायचे की डबा पिशवीत खुळखुळायचा. छबूबाई तो डबा आपल्याकडे घ्यायच्या.

एके दिवशी उतरल्यावर सोपानराव तिथंच थबकले. रस्त्यापलीकडून त्यांनी दुकानाकडे पाहिलं. गणराज म्हणाला, "ताई, ते बघा." सुमनताईंनी पाहिलं. त्यांचे हात काउंटरवर होते ते त्यांनी मांडीवर घेतले.

छबूबाई नवऱ्याला ओढायला गेल्या नाहीत. नुसत्या त्यांच्या डाव्या अंगाला होत्या त्या उजव्या अंगाला आल्या, दुकानाच्या बाजूला. मग दोघं चालू लागले. छबूबाई त्यांच्या खांद्याएवढ्याच होत्या, त्यांच्या आड दुकान काही पूर्ण झाकलं जात नव्हतं. पण कोपरा येईपर्यंत त्यांनी ती बाजू सोडली नाही.